ब्रेकवरचा पाय

मागील दिवाळीत पुण्याहून आलेल्या माझ्या नातवाने एका संध्याकाळी सहज विचारले, "आजोबा, तुम्हाला हील-टो येतं का हो?"

बँकेच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीने एक सवय लावली आहे. प्रश्न नीट समजल्याखेरीज उत्तर द्यायचे नाही. मी म्हटले, "आधी ते काय असते ते सांग." त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. आयर्टन सेना हा ब्राझीलचा विख्यात शर्यतपटू जपानमधील सुझुकाच्या धावपट्टीवर होंडाची एनएसएक्स गाडी चालवीत होता. पायांत शर्यतीचे बूट नव्हते, साधे बूट आणि पांढरे मोजे होते. कॅमेरा त्याच्या पायांवर रोखलेला होता. वळण जवळ येताच त्याचा उजवा पाय ब्रेकवर जाई, आणि ब्रेक तसाच दाबलेला असताना त्याच पायाची दुसरी बाजू अ‍ॅक्सिलेटरला मधूनमधून स्पर्श करी. डावा पाय क्लचवर, एक हात चाकावर आणि दुसरा गिअरवर. एका पायाने एकाच वेळी दोन पेडल! नातवाच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हते.

मी मात्र त्या पायाकडे पाहत राहिलो आणि माझे मन चिखलदऱ्याच्या घाटात जाऊन पोहोचले. ज्या एका क्षणासाठी मी पंचेचाळीस वर्षे स्वतःला दोष देत आलो, त्या क्षणाचे उत्तर तो पाय देत होता.

ही हकीकत १९७९ सालची आहे. बाभुळगावात आमचे धान्याचे दुकान आणि अडत होती. त्यापूर्वी कापसाचा व्यापार होता, परंतु १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, खाजगी व्यापार थांबला आणि बाबूजी तूर-ज्वारीकडे वळले. घरात एक जुनी पेट्रोलवर चालणारी महिंद्रा जीप होती. तीन गिअरची, छत कापडी आणि दुकानाचा माल वाहून वाहून पाठ मोडलेली. मी तेव्हा एम.कॉम.चा विद्यार्थी होतो आणि जीप चालवणे हा माझा एकमेव षोक होता.

बाबूजी काटकसरीचे होते. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव चढले तेव्हापासून त्यांनी एक नियम घालून दिला होता. उतार आला की जीप न्यूट्रलमध्ये टाकायची. "इंजिन फुकट का फिरवायचं? तेवढंच पेट्रोल वाचतं," असे ते म्हणत. यवतमाळ आणि धामणगाव रेल्वे यांच्यामधल्या आमच्या रस्त्यावर मोठा उतार फारसा नाही. त्यामुळे या नियमाचे कधी काही बिघडले नाही. अनेक वर्षे जो नियम बिघडत नाही, तो बरोबरच आहे असे आपण धरून चालतो.

त्या वर्षी आम्ही सहकुटुंब मुक्तागिरीला गेलो. तिथल्या बावन्न मंदिरांचे दर्शन घेऊन परतवाड्याला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी आईच्या आग्रहास्तव चिखलदरा पाहण्यास निघालो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि परतवाड्याकडून जाणारा रस्ता सातपुड्याच्या अंगाखांद्यावरून वळणे घेत चढतो. चढताना काही अडचण आली नाही. दुसऱ्या गिअरमध्ये कुंथत-कुंथत जीप वर पोहोचली. परतीला चाकावर मी होतो, शेजारी बाबूजी, मागे आई आणि दोघी बहिणी.

पहिला उतार लागताच बाबूजी म्हणाले, "न्यूट्रल कर."

घाट पाहून माझ्या मनात शंका आली होती. परंतु बाबूजींच्या शब्दाला नाही म्हणण्याची रीत आमच्या घरी नव्हती. मी न्यूट्रल केले. आता जीपला धरून ठेवणारे ब्रेकखेरीज काहीच उरले नव्हते. प्रत्येक वळणाआधी मी ब्रेक दाबत होतो आणि वळण सरले की जीप पुन्हा वेग घेत होती. सात-आठ वळणांनंतर जळका वास आला. नंतरच्या वळणावर ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल गेले, आणि त्यापुढच्या वळणावर पाय जवळजवळ तळाला टेकला तरी जीप म्हणावी तशी आवरेना. त्या काळच्या ब्रेकड्रमचे हे असे होत असे. सतत घर्षणाने ड्रम आणि आतील लायनिंग तापते, पकड सुटत जाते; उष्णता फार वाढली तर ब्रेक ऑइलला उकळी फुटते आणि पेडलखाली नुसती वाफ दाबली जाते. हे शास्त्र मला नंतर कळले. त्या वेळी एवढेच कळले, की उजवीकडे दरी आहे आणि मागे आई नवकार म्हणत आहे.

मी गिअरची दांडी दुसऱ्या गिअरकडे ढकलली. कर्रर्र असा आवाज आला आणि गिअर बसला नाही. तेव्हा उस्तादांची आठवण झाली.

आमच्या अडतीचा माल बाभुळगावाहून धामणगाव रेल्वेच्या स्टेशनात नेणारा एक पुढे नाक असलेला जुना टाटा-मर्सिडीज ट्रक होता. त्याच्या ड्रायव्हरला सारे गाव उस्ताद म्हणे. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून धामणगावपर्यंत जात असे. त्या ट्रकच्या गिअरपेटीत चक्रांचे वेग आपोआप जुळवून देणारी सोय नव्हती. खालचा गिअर टाकताना उस्ताद क्लच दाबून दांडी न्यूट्रलला आणत, क्लच सोडत, अ‍ॅक्सिलेटरला एक हलकी रेस देत, पुन्हा क्लच दाबत आणि मग दांडी लोण्यात सुरी जावी तशी खालच्या गिअरमध्ये जाई. याला ते डबल क्लच म्हणत. "गिअर कधी कोंबायचा नाही, पोरा. इंजिनाले आधी त्या वेगावर आणायचं, मंग गिअर स्वतःच बसते," असे त्यांनी कितीदा तरी सांगितले होते.

जीप न्यूट्रलमध्येच होती. आता फक्त रेस द्यायची होती. पण रेस देण्यासाठी उजवा पाय ब्रेकवरून उचलावा लागणार होता. ब्रेक जवळजवळ गेलेला असला, तरी जो काही उरला होता तोच आमचा आधार होता. मी पाय उचलला. त्या क्षणी उतारावर धावणाऱ्या त्या जीपच्या ब्रेकवर कोणाचाही पाय नव्हता आणि मला आजही शपथेवर सांगता येईल, की ती मोकळी सुटल्यासारखी पुढे झेपावली. मी अ‍ॅक्सिलेटर जोरात दाबला, इंजिन ओरडले, क्लच दाबून दांडी ओढली. गिअर बसला. क्लच सोडताच जीपला कोणी मागून दोरी बांधून ओढावे तसा हिसका बसला आणि वेग उतरू लागला. डोंगराच्या बाजूला, खडीच्या ढिगाऱ्यात, मी ती थांबवली.

तासभर आम्ही तिथे बसलो. कोणी काही बोलले नाही. चाके निवल्यावर मी दुसऱ्याच गिअरमध्ये परतवाड्यापर्यंत जीप उतरवली. बाबूजींनी या विषयावर मला शेवटपर्यंत एक शब्दही विचारला नाही किंवा सांगितला नाही. परंतु त्या दिवसानंतर "न्यूट्रल कर" हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. आई मात्र पुन्हा कधी कुठलाही घाट चढली नाही. नातेवाइकांची लग्ने असोत वा यात्रा, वाटेत घाट आहे असे कळले की तिचे गुडघे दुखू लागत.

तर नातवाने दाखवलेला तो पाय माझ्या दृष्टीने नुसती करामत नव्हती. खालचा गिअर टाकताना रेस द्यायची आणि ब्रेकही सोडायचा नाही, या दोन्ही गरजा एकाच पायाने भागवण्याची ती युक्ती होती.

ज्यांना यंत्राचा फारसा परिचय नाही अशा वाचकांसाठी थोडे स्पष्ट करतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ज्या वेगाने चालते, त्याच वेगाने ती दुसऱ्या गिअरमध्ये चालवायची असेल, तर इंजिनाला अधिक वेगाने फिरावे लागते. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत आहे. दुसऱ्यामध्ये त्याच वेगासाठी त्याला साधारण ३००० फेरे घ्यावे लागतील. हा हजार फेऱ्यांचा फरक कोणी तरी भरून काढायलाच हवा. आपण रेस न देता क्लच सोडला, तर तो फरक क्लचप्लेट घासून आणि चाकांना हिसका देऊन भरला जातो. क्लच सोडण्याआधी हलकी रेस दिली, तर इंजिन स्वतःच तिथे पोहोचते आणि गाडीतल्या माणसाला गिअर बदलल्याचे कळतही नाही. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश ही सोय प्रथम आली. तिच्यामुळे गिअरपेटीतील चक्रांचे वेग जुळू लागले आणि डबल क्लचची गरज मोटारींपुरती संपली. पण इंजिन आणि चाके यांच्यातील फरक भरण्याचे काम सिंक्रोमेश करीत नाही. ते अद्यापि चालवणाऱ्याच्या पायाकडेच आहे.

नातवाचे लायसन्स तेव्हा शिकाऊ होते. गाडीला 'एल'ची पाटी लावून मी त्याला रोज सकाळी शिकवीत होतो. "हील-टो आपण दोघेही शिकू," असे त्याला म्हणालो, पण त्याच्याआधी आपल्याला यायला हवे या आजोबापणाच्या अहंकाराने मी पहाटे एकटाच सराव सुरू केला.

पहिले दोन दिवस अंगणातच, इंजिन बंद ठेवून. नावात टाच आणि बोटे असली, तरी प्रत्यक्षात अनेक जण टाच वापरत नाहीत असे लक्षात आले. पावलाची डावी बाजू ब्रेकवर ठेवायची आणि घोटा किंचित वळवून उजव्या कडेने अ‍ॅक्सिलेटर दाबायचा. चपला घालून हे जमत नाही. अरुंद, पातळ तळव्याचे बूट लागतात. दुसरी अडचण गाडीच्या रचनेची होती. आपल्या रोजच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलेटर ब्रेकपेक्षा खालच्या पातळीवर असतो. शर्यतीत ब्रेक इतका जोरात दाबला जातो, की तो खाली जाऊन अ‍ॅक्सिलेटरच्या बरोबरीला येतो. आपण गावात हळुवार ब्रेक लावतो तेव्हा ब्रेक वरच राहतो आणि पावलाची कड अ‍ॅक्सिलेटरपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे हळू चालवणाऱ्या माणसालाच ही युक्ती अधिक अवघड! शिवाय अलीकडच्या कित्येक गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली तर चालकाची चूक झाली असे समजून गाडीतला संगणक अ‍ॅक्सिलेटर बंद करतो, असेही वाचनात आले.

तिसऱ्या दिवशी मी बेंबळा धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेलो. कापूस वेचणीचे दिवस होते, पण पहाटे वाहतूक नव्हती. चार-सहा वेळा प्रयत्न फसले, एकदा जमले, आणि एकदा जमल्याने अंगात आले. पुढे वळणावर अचानक शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबायला गेलो आणि पाऊल सवयीने वळलेले असल्यामुळे त्याचा मोठा भार अ‍ॅक्सिलेटरवर पडला. इंजिन किंचाळले. क्लच दाबलेला होता म्हणून गाडी पुढे उसळली नाही, एवढेच नशीब. पाय सावरून ब्रेक दाबेपर्यंत गाडी शेवटच्या शेळीपासून हातभर अंतरावर थांबली. काठी घेतलेला पोरगा काचेजवळ आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "काहून काका, गाडीले बिरेक नाई का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ब्रेक नव्हता तेव्हा मी गाडी थांबवली होती, आणि आज उत्तम ब्रेक असताना माझाच पाय त्याच्यावर नव्हता. घरी येईपर्यंत हात थरथरत होते. गाडी चालवणे आता सोडावे काय, हा विचारही त्या सकाळी प्रथमच मनात आला.

तो प्रसंग लपवून ठेवणे सोपे होते. बाबूजींनी घाटाबद्दल कधी बोलले नाही, तसे मीही गप्प राहू शकलो असतो. पण त्या मौनाचे ओझे काय असते हे मला ठाऊक होते. चहाच्या वेळी मी नातवाला सारे सांगितले. घाट, न्यूट्रल, उस्ताद आणि शेळ्या. तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "आजोबा, पुण्यात मित्राच्या गाडीवर माझंही असंच झालं होतं. मी कुणाला बोललो नाही."

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून या विषयाचा ताळेबंद मांडला. हील-टोची खरी गरज केव्हा? वेग फार असताना, जोराचा ब्रेक चालू असतानाच, वळणापूर्वी खालचा गिअर हवा असेल तेव्हा. शर्यतीत ही घाई अपरिहार्य असते, कारण तिथे सेकंदाचा हिशेब असतो. बाजारहाटाला, दुकानाला, मंदिराला जाणाऱ्याला ती घाई नाही. त्याने आधी आहे त्याच गिअरमध्ये ब्रेक लावून वेग पुरता कमी करावा. वेग आटोक्यात आला की क्लच दाबावा, पाय ब्रेकवरून उचलून अ‍ॅक्सिलेटरला हलका स्पर्श करावा, खालचा गिअर टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा. ब्रेकवर पाय नसण्याचा क्षण इथेही येतो, परंतु त्या क्षणी गाडी आपल्या ताब्यात असते. आणि घाट असेल तर गिअर उतारात शोधायचाच नाही, माथ्यावरच घ्यायचा. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खोटा ठरलेला नाही.

व्यापारी घरांत वाढलेल्या आपणा सर्वांसाठी न्यूट्रलबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण ही काटकसर अजूनही अनेक घरांत चालू आहे. बाबूजींचा हिशेब त्यांच्या काळात अगदीच निराधार नव्हता. कार्ब्युरेटरचे इंजिन उतारावर गिअरमध्ये फिरतानाही थोडे पेट्रोल ओढत असे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत मात्र गणित उलटे झाले आहे. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलेटर पूर्ण सोडला, की इंजिनाचा पेट्रोलपुरवठाच बंद होतो, कारण चाकेच इंजिन फिरवीत असतात. न्यूट्रलमध्ये तेच इंजिन स्वतःला चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळते. म्हणजे ज्यासाठी जीव धोक्यात घालायचा ती बचतच मुळात नाही. खंडाळ्याच्या घाटात किंवा पुण्याच्या नवले पुलाकडच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या अवजड वाहनांचे अपघात आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला मिळणारे साहाय्यही लवकरच संपते आणि स्टिअरिंग जड होते. वाणिज्य शाखेत आम्हाला घसारा शिकवला गेला होता. रोजच्या खर्चाची नोंद दिसते, घसारा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो खर्च नव्हे असे मानणारा व्यापारी एक दिवस फसतो. न्यूट्रलची बचत तशीच आहे.

मे महिन्यात नातू पुन्हा आला. आता त्याच्याकडे पक्के लायसन्स होते. त्यानेच प्रस्ताव मांडला, "आजोबा, मुक्तागिरी करून चिखलदऱ्याला जाऊ. उतरताना गाडी मी चालवतो." माझी पत्नी घाटाची हकीकत आईकडून ऐकून होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी होकार दिला, पण रात्री झोप नीट लागली नाही.

परतीला चिखलदऱ्याहून निघताना पहिल्या उताराआधी त्याने गाडी बाजूला थांबवली, दुसरा गिअर टाकला आणि निघाला. मी शेजारी, जिथे बाबूजी बसले होते त्या बाजूला. इंजिन एका सुरात घुमत होते. वळण आले की तो थोडा ब्रेक लावी, सोडून देई, ब्रेकला निवायला अवसर देई. एका लांब, सपाट पट्ट्यावर त्याने तिसरा घेतला आणि पुढचा उतार दिसताच वेग कमी करून पुन्हा दुसरा. त्या वेळी मी नकळत कान टवकारले. अ‍ॅक्सिलेटरचा हलका आवाज आला आणि गिअर बसला. हिसका नाही. मी माझा उजवा पाय गाडीच्या तळाशी घट्ट रोवून बसलो होतो, ते माझ्या तेव्हा लक्षात आले.

मागे वळून पाहिले. पत्नी खिडकीला डोके टेकवून झोपली होती. परतवाडा येईपर्यंत ती जागी झाली नाही.